नुसता फेस

फेस टाकीचा काठ ओलांडून जिन्यानं उतरू लागला. सहाव्या पायरीवर जेवायला बसलेला वेल्डर डबा डोक्यावर धरून पळाला. त्याचा एक हातमोजा तरंगत निघाला तो थेट दारापर्यंत.

"घ्या," वर कठड्याशी उभे असलेले नाकतात्या म्हणाले. "याला म्हणतात फेस."

दळलेलं खनिज पाण्यात घुसळून त्यातलं तांबं फेसावर चढवायचं, हे काम तात्या एकतीस वर्षं करत होते. औषधं दोन. एक तांब्याच्या कणांना पाणी नकोसं करतं, मग ते बुडबुड्यांना बिलगून वर येतात. दुसरं नुसते बुडबुडे काढतं. पिंपं दोन्ही निळीच. पहिल्याला सडक्या कोबीचा वास, दुसऱ्याला टर्पेंटाइनचा; तात्या वासावर तोटी सोडत आणि मीटर बघणाऱ्यांची कीव करत. निवृत्तीचं वय उलटलं होतं. आणखी एक वर्ष ठेवायचं की घरी बसवायचं, ते ठरवायला आज मोठे साहेब येणार होते.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची मुलगी धापा टाकत वर आली. तिनं मूठभर फेस उचलून हातमोज्याच्या तळव्यावर चोळला. हातमोजा पांढराच राहिला, तांब्याचा एक काळा कण नाही.

"बाबा, वाहून जाणाऱ्या गाळात तांबं चौपट आहे. कुठली तोटी वाढवलीत?"

"कोबीची."

तिनं तोटीखाली बोट धरलं आणि त्यांच्या नाकाशी नेलं. तात्यांनी जोरात हुंगलं. नाक शिट्टीसारखं वाजलं, आत काही गेलं नाही.

"सर्दी कधीपासून?"

"परवापासून. तुझ्या आईलासुद्धा कळू दिली नाही."

तिनं तोटी बंद केली. तेवढ्यात खालून टाळ्या ऐकू आल्या. मोठे साहेब गुडघाभर फेसात उभे होते.

"वा तात्या. तोंडाला फेस आणलात की सगळ्यांच्या. एक वर्ष काय, दोन वर्षं राहा."

गाळाच्या तपासणीचा कागद मुलीनं घडी करून मुठीत धरला.

तात्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं आणि ते जिना उतरले.

"साहेब, वाढवायचं होतं एक, वाढवलं दुसरं. माझ्याच हातून. तांबं सगळं गाळात गेलं."

साहेबांनी सही करायला खिशातून काढलेलं पेन हातातच राहिलं. त्यांनी दारापर्यंत पसरलेल्या ढिगाकडे पाहिलं.

"एवढ्या फेसात काहीच नाही?"

"काहीच नाही," तात्या म्हणाले. "म्हणून तर एवढा फुगलाय."