दांड्याचं माप

मोबाईलवरच्या दुकानात रबरी रिंगा हजारो होत्या, पण कडूबाला हवी ती एकही नव्हती. साडेबावन्न मिलिमीटर हा आकडा त्याने तीनदा टाकला आणि तिन्ही वेळा ‘या मापाची रिंग उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. गॅरेजपुढे धम्मदीप या गिऱ्हाइकाची ट्रॉली उभी होती. तिच्या जॅकमधून तेल गळायचं आणि वर उचललेली ट्रॉली आपोआप हळूहळू खाली बसायची. आज रिंग मागवली तरच ती शनिवारी हातात पडणार होती, आणि रविवारी ट्रॉली द्यायचा शब्द कडूबाने देऊन टाकला होता.

पूर्वी ही भानगड नव्हती. जुनी रिंग बोटात अडकवून जालन्याला जायचं; दुकानदार नुसती पाहून जोडीची काढून द्यायचा, वर चहा पाजायचा. ते दुकान बंद झालं. शेवटी कडूबाने मोबाईलवर दिलेल्या नंबरला फोन लावला.

“काका, माप कशाचं घेतलंत?” पलीकडच्या मुलीने विचारलं.

“मांगच्या टायमाले काढून ठेवली होती ना, त्या जुन्या रिंगचं.”

“ती नका मोजू. तेल पिऊन रबर फुगतं. जॅकचा दांडा मोजा. ट्रॉली वर करून लिव्हर कुणाला तरी धरायला सांगा, आणि मोजा.”

कुणाला तरी! बोलायला काय जातं. वीस वर्षं ट्रॅक्टरवर बसून लिव्हर धरली ती कोकिळाने. बायकोचा हात लिव्हरवर असल्याशिवाय कडूबा कधी ट्रॉलीखाली शिरला नव्हता. आणि कोकिळा दोन महिन्यांसाठी म्हणून नातीला सांभाळायला पुण्याला लेकाकडे गेली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

त्याने तिला व्हिडिओ कॉल लावला.

“शेजारच्या गणेशले बोलवा ना,” ती म्हणाली.

“तो मोबाईल पाहत बसते. त्याच्या भरोशावर मी खाली जाऊ?”

“मंग कसं करता?”

“तूच पाय.”

त्याने ट्रॉली वर उचलली, तिला लाकडी टेका दिला, इंजिन बंद केलं. मोबाईल ट्रॅक्टरच्या मडगार्डवर असा उभा केला, की लिव्हरही दिसावी आणि ट्रॉलीही.

“टेका नीट बसला ना?” कोकिळाने विचारलं.

“बसला.”

“जा मंग. जराक हाललं की वरडते मी.”

कडूबा पोतं अंथरून खाली सरकला. दांडा पुसला, जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं. पन्नास. बरोबर पन्नास. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याने पेनाने आकडा तळहातावर लिहिला.

वरून आवाज आला, “हाय मी. पाहून राह्यले.”

मग ती पूर्वीसारखी बोलतच सुटली. ट्रॅक्टरची सीट फाटली वाटते. तुम्ही रोडावले दिसता. इथं भाकर केली तर सूनबाई पुष्पांजलीले चालते, पण आपल्या राजकुमारले पोळीच लागते. कडूबा पोत्यावर पडून ऐकत राहिला. किती दिवसांनी या गॅरेजात त्याच्याशिवाय दुसरं कोणी बोलत होतं. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

मागे लहान पोरीचं रडणं ऐकू आलं.

“अवो, उठली वाटते ती. झालं का माप?”

कडूबाने तळहातावरचा आकडा पाहिला आणि मूठ मिटली.

“नाही,” तो म्हणाला. “ठेवू नको. मी अजून खालीच हाय.”