पहिली फेरी

काच फुटली ती थेट टाके घालणाऱ्या हातावर. धाकटीनं हात झटकला, समोरच्या म्हाताऱ्याला टेबलाखाली ढकललं आणि ओरडली, "दार लावा! अरे, बघत काय बसलात, दार लावा!"

दार लावून काय डोंबल होणार होतं? रुग्णालयाबाहेर शे-दीडशे माणसं होती. हातांत गज, विटा, बाकांचे उपटलेले पाय. सकाळी त्यांच्यातल्या एकाचा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता. वाचण्यासारखा नव्हताच तो, पण ते कुणी कुणाला सांगायचं?

आणि दारात उभ्या कोण, तर मोठ्या बाई. या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू आणि धाकटीची सख्खी आई. सत्तरी उलटली होती, पण हट्ट असा की विचारू नका. "फोडायचं असेल तर मला फोडा," त्या म्हणत होत्या. "आत आजारी माणसं आहेत."

मेलेल्याच्या भावानं गज उचलला. पहिला फटका मोठ्या बाईंच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज धाकटीला आतपर्यंत ऐकू आला. दुसरा पोटात बसला. मग गर्दी आत घुसली आणि आई दिसेनाशी झाली.

हे विद्यापीठ उभं राहिलं तेच मुळी एका चुकीवर. पूर्वी इथं कारखाना होता. त्यात स्फोट झाला तेव्हा आसपास डॉक्टर एकच, तरुणपणीच्या मोठ्या बाई. जखमी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं पडलेली आणि त्यांत त्यांचा नवरा. त्या त्याचीच छाती दाबत बसल्या. तो केव्हाच गेला होता. शेजारची, सहज वाचली असती अशी माणसं तेवढ्यात रक्त जाऊन मेली. "त्या दिवशी मी बायको राहिले, डॉक्टर राहिले नाही," हे त्या दर वर्षी नव्या मुलांना तोंडावर सांगत. त्याच शेडमध्ये त्यांनी आधी नर्सिंगची शाळा काढली, मग मेडिकल कॉलेज, मग दातांचं, औषधांचं, असं वाढत वाढत विद्यापीठ झालं. पण पहिला धडा सगळीकडे एकच. खूप माणसं एकदम जखमी झाली की प्रत्येकाच्या मनगटाला प्लॅस्टिकची रंगीत पट्टी बांधायची. लाल म्हणजे आत्ताच हात घाला. काळी म्हणजे संपलं. आणि पहिल्या फेरीत, काळी पट्टी बांधून झालेल्या माणसापाशी थांबायचं नाही, मग तो सख्खा बाप का असेना. पट्टी बांधायची एका हातानं, टोक दातांत धरून, कारण दुसरा हात जखमेवर हवा. गंमत म्हणजे कमरेला सदा पट्ट्यांचा जुडगा बाळगणाऱ्या, ही दातगाठ शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचा समोरचाच एक दात पडलेला. घरचं दातांचं कॉलेज असून तो त्यांनी बसवून घेतला नव्हता. तिथले डॉक्टर विनवण्या करून थकले. "वेळ कुणाला आहे?" हे त्यांचं उत्तर.

गर्दी जिन्यानं वर उसळली, ऑपरेशनच्या खोल्या फोडायला. सगळे एकाच वेळी जुन्या सज्ज्यावर. एवढं ओझं त्याला कुठलं पेलायला? तो माणसांसकट खाली आला. फोडणारे, पळणारे, रोगी, नर्सेस, सगळे एकाच ढिगाऱ्यात.

धाकटीनं पट्ट्यांची पिशवी गळ्यात अडकवली. "पहिली फेरी! रडायचं ते नंतर!" तिच्या हाताखालची पोरं धुरळ्यात पांगली.

भिंतीपाशी तिला आई दिसली. तोंड रक्तानं माखलेलं, डोळे घट्ट मिटलेले, मोडका हात मांडीवर. आणि त्या हाताच्या मनगटाला काळी पट्टी.

आई गं! धाकटी खाली वाकणार, तेवढ्यात बाजूला कुणीतरी केकाटलं, "डॉक्टर, मेलो, वाचवा!"

तोच होता. मेलेल्याचा भाऊ. मांडीत लोखंडी सळई घुसलेली आणि रक्त नुसतं उसळत होतं. त्याचा गज तिच्या पायाशीच पडला होता. तिनं उचलला. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला त्याचं डोकं फोडायचं होतं.

तिनं एकदा आईकडे पाहिलं. काळी पट्टी. गज भिरकावून दिला, त्याला लाल पट्टी बांधली आणि त्याच्या जांघेत गुडघा रोवला. सगळा राग त्या गुडघ्यात ओतला. तो जनावरासारखा ओरडला. तिला बरं वाटलं. रक्त थांबलं.

"त्या म्हाताऱ्या बाई... मीच..." तो कण्हला.

"गप्प पड. बोललास तर गुडघा काढीन."

तिनं गुडघा काढला नाही. स्ट्रेचरवरही नाही. तो वाचला. त्याच्यामागून आणखी कितीतरी वाचले.

ऊन उतरल्यावर ती भिंतीपाशी परतली. आईचं अंग गार पडलं होतं.

"हिला पट्टी कुणी बांधली?" तिनं विचारलं. तिला त्याचे आभार मानायचे होते. ती पट्टी नसती तर तिच्याच्यानं आईला सोडून उठवलं नसतं.

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. "आम्ही नाही, बाई. आम्हाला वाटलं, तुम्हीच बांधलीत."

धाकटी खाली बसली. तिनं आईचं मनगट हलकेच उजेडाकडे वळवलं. पट्टीच्या टोकावर दातांचे खोल वळ उमटले होते, आणि मधल्या एका दाताची जागा रिकामी होती.