कुळातली सोयरीक

“दोघांचं देवक एकच, पंचपल्लव. भावकीत सोयरीक होत नसते,” म्हणत गजराआत्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. भाच्याचा चेहरा पडला. त्याला हीच मुलगी हवी होती.

मुलीनं पर्समधून दोन दगड काढले. त्यांत पुरातन समुद्री किड्यांचे ठसे होते. ती त्यांचाच अभ्यास करायची. “आत्या, हे ट्रायलोबाइट. एक हिमालयातल्या स्पितीचा, एक ऑस्ट्रेलियाचा. कूळ एकच. तेव्हा दोन्ही मुलुख एकाच समुद्राकाठी होते.”

आत्यांनी चष्मा लावला. तोंडवळा खरंच एक होता. “मग यांच्या सोयरिकी कुठं व्हायच्या?”

“कुळातच.”

“तरीच वंश बुडाला.”

“बुडाला, पण सत्तावीस कोटी वर्षं टिकून.”

आत्यांनी भाच्याकडे पाहिलं आणि बशी पुन्हा ओढली.

“आमचा तेवढा टिकला तरी पुष्कळ. यावर लिंबू पिळा, आणि मुहूर्त बघा.”