त्रेसष्टावा कॉम्प्युटर

एकविसावा कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा धाकट्या भावाचा तिसरा फोन आला.

"दादा, अजून किती वेळ? सगळे खोळंबलेत. तुझ्याशिवाय काही हलत नाही."

"काम आहे," बिघाडराव म्हणाला आणि फोन खिशात टाकला. त्या खिशात आईचा चष्मा होता. काचेला चरा नको म्हणून त्याने फोन काढून दुसऱ्या खिशात ठेवला.

बिघाडराव हे नाव रुग्णालयातल्यांनीच ठेवलेलं. जिथे बिघाड, तिथे हा हजर. आज तर कहरच झाला होता. कुठल्याशा कंपनीने सकाळी सात वाजता अपडेट पाठवलं, त्यात चूक निघाली आणि इथल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट कॉम्प्युटरांनी माना टाकल्या. जगभर हीच बोंब होती म्हणे. उपाय सोपा, पण वेळखाऊ. प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जायचं, तो हाताने बंद-चालू करायचा आणि आतली एक नासकी फाइल काढून टाकायची. एकेकाला पाच मिनिटं. आणि हे जमणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच.

त्याची आई बारा दिवसांपूर्वी इथेच, चौथ्या मजल्यावर दाखल झाली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच अधीक्षक बाई त्याला म्हणाल्या, आज तू हे राहू दे, बाहेरून कुणालातरी बोलावू. बाहेरचा माणूस यायला संध्याकाळ होईल, असं सांगून त्याने बाईंची यादी मागून घेतली. पहिला अतिदक्षता विभाग, मग प्रयोगशाळा, मग औषधं. तळघरातली खोली सातवी होती. त्याने ती खोडली आणि अगदी खाली लिहिली.

"तिथे कुणाला घाई नाही," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. एरवी शब्दाला शब्द वाढवणाऱ्या बाई, पण आज त्यांनी वाद घातला नाही.

यादी संपली की आईकडे जायचं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. जीव सगळा तिकडेच लागलेला. पाय मात्र तिकडे वळायला तयार नव्हते.

दुपारी यादीत चौथा मजला आला. खिडकीजवळच्या खाटेकडे पाठ करून त्याने काम उरकलं. तिथली सिस्टर तोंडाची फटकळ, "आलात का मुहूर्त बघून" असं ऐकवल्याशिवाय त्याला कधी आत घेत नसे. आज तिने स्वतः चहा आणून ठेवला आणि थोडा वेळ बसा म्हणाली. तो बसला नाही. चहा तसाच गार झाला.

बासष्ट झाले. अतिदक्षता विभागातले डॉक्टर मुद्दाम बाहेर येऊन म्हणाले, आज तुझ्यामुळे निभावलं. तो जिना उतरायला लागला.

तळघरातल्या खोलीबाहेर बाकावर भाऊ आणि मावशी बसले होते. भाऊ उठून उभा राहिला. आत म्हातारे कारकून काका एकटेच होते. समोर सकाळपासून एकच कागद, त्यावर पेपरवेट.

पाच मिनिटांच्या कामाला बिघाडरावाने पाऊण तास लावला. मागची वायर काढली, पुसली, परत लावली. कीबोर्ड उपडा करून झटकला. नासकी फाइल केव्हाची समोर दिसत होती. काका बघत होते, पण घाई कर म्हणाले नाहीत.

अखेर त्याने ती काढली. पडद्यावर अक्षरं उमटली आणि तो खुर्चीवरून उठला.

काका त्या खुर्चीवर बसले. त्यांनी मृत्यूच्या दाखल्याचा कोरा नमुना उघडला, पेपरवेट बाजूला केलं आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"वेळ, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता आईचं पूर्ण नाव सांग, बाळा."