सोनेरी कडा

"कडा कापायच्या नाहीत," इस्त्रीवाली बाई तिसऱ्यांदा म्हणाली.

बाइंडरने कपाळाला हात लावला. टेबलावर तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पडलं होतं, पाठ एकीकडे आणि पानं दुसरीकडे. एका कोपऱ्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. "अहो ताई, कडा नाही कापल्या तर पुस्तक दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसेल. माझ्या हातचं काम आहे. लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. मला दाखवायचं नाहीये, वाचायचंय." तिने एक पान पुढे सरकवलं. समासात अगदी काठापर्यंत पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. "तुम्ही कापाल आणि हे जाईल केरात."

कोपऱ्यात बाइंडरची बायको जुज शिवत बसली होती, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना जोडत होती. ती हसली. "नाही कापत हो. मी बघते कसे कापतात ते."

एरवी बाइंडरने वाद घातला असता, पण आज स्वारी खुशीत होती. उद्या रविवारी चर्चची मंडळी त्याला पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, करणार होती. सगळ्यांसमोर उभं राहायचं, पाळकसाहेब विचारणार, 'देवाचं वचन रोज वाचता का?' आणि आपण ठणठणीत आवाजात 'हो' म्हणायचं. त्यासाठी कोटाला इस्त्रीसुद्धा याच बाईकडून करून घेतली होती.

"बरं, नाही कापत," तो म्हणाला. "पण शिवून, खळ लावून, दाबाखाली ठेवायचं म्हणजे सोमवार उजाडेल."

बाईचा चेहरा उतरला. "मग आज मी काय वाचू?"

एवढंच ना! होऊ घातलेल्या पंचाला भलताच हुरूप आला. त्याने फळीवरून स्वतःचं शास्त्र काढलं, बाहीने पुसलं आणि तिच्या हातात दिलं. काळं चामडं, सोनेरी कडा. "हे न्या. बिनधास्त न्या."

बाईने आपली जागा शोधून ते उघडलं. कर्र्. पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने पुढचं उलटलं. कर्र्. सोनेरी कडांची पानं एकदा उलटल्याशिवाय सुटत नाहीत, हे बाइंडरपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार!

"नवीन दिसतंय," बाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं.

"लग्नातलं आहे," सुईत दोरा ओवता ओवता बायको म्हणाली. "बावीस वर्षं झाली. दर रविवारी नेतात की. नेतात आणि आणतात."

बाइंडरचे कान तापले. कुठे तोंड लपवू, असं झालं त्याला.

बाईने पुस्तक मिटलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. "राहू द्या दादा. माझाच एक जुज द्या सोडवून. सोमवारी सकाळी आणून देते. तिथपर्यंतचं शिवून ठेवा." तिने हवा तो गठ्ठा बोटाने दाखवला.

गठ्ठा सुटा करताना त्याची नजर पानावर गेली. एका माणसाची पोरंबाळं, गुरंढोरं, सगळं एका दिवसात जातं, ती गोष्ट. त्याला ती नुसती ऐकून माहीत होती. समासात एक तारीख आणि खाली लिहिलेलं, 'हे पटत नाही. उद्या परत.' त्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख, 'आजही नाही. उद्या परत.' मग तिसरी, चौथी. खालपर्यंत जागा संपली म्हणून अक्षर दुसऱ्या बाजूने वर चढलं होतं. एके ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली गेली होती की कागद फाटला होता. सगळ्यात शेवटी होतं, 'आज थोडं.'

"मुलगी गेली त्या वर्षीचं आहे," बाई म्हणाली.

"मग..." कसं विचारावं ते त्याला कळेना. "पटलं का शेवटी?"

"पूर्ण नाही अजून. म्हणून तर तोच जुज मागतेय." तिने गठ्ठा कागदात गुंडाळून पिशवीत उभा ठेवला. दारातून वळून म्हणाली, "कोट नीट टांगलाय ना? चुरगळू नका, उद्या घालायचाय."

दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. "काय पंच, झाली का तयारी?"

"साहेब, एक वर्ष थांबा."

"का हो? काय झालं?"

"तुम्ही तो प्रश्न विचाराल, आणि मला 'नाही' म्हणावं लागेल."

"अहो, सगळे 'हो'च म्हणतात," पाळकसाहेब हसले.

"पुढच्या वर्षी विचारा," बाइंडर म्हणाला. "तेव्हा सांगतो." लाज वाटतच होती, पण आवाज कापला नाही.

बायकोची सुई थांबली होती.

त्याने घडी दाबायची हाडाची पट्टी उचलली, खिडकीजवळ स्टूल ओढलं, आपलं शास्त्र मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानाखाली पट्टी सारली. कर्र्. पँटवर थोडी सोनेरी पूड पडली. तो वाचायला लागला.

"असं एकेक काय सोडवत बसलात?" शेवटी बायकोला राहवलं नाही. "सगळी पानं वाकवून अंगठा फिरवा, दोन मिनिटांत मोकळी होतील. गिऱ्हाइकांची करता की रोज."

"गिऱ्हाइकांचं वेगळं," मान वर न करता तो म्हणाला. "हे वाचून झाल्याशिवाय पुढचं सोडवायचं नाही."

ती पुन्हा शिवायला लागली. बऱ्याच वेळाने खिडकीकडून आवाज आला, कर्र्.