समारंभाला एक पाहुणा
हरितगृहात ती चवळीच्या फुलांचं परागीकरण करत होती, तेवढ्यात संशोधन संस्थेचे संचालक धावतच आले. “बाई, मिळाला! गरीब देशांच्या शेतीसाठीचा सगळ्यात मोठा पुरस्कार, तुमच्या चवळीला!” तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तेवीस वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याबरोबर कमी पाण्यात तगणाऱ्या या वाणावर काम सुरू केलं होतं. सात वर्षं एकही रोप दुष्काळात टिकलं नाही, तेव्हा तो थकून दूरच्या शहरात कंपनीच्या नोकरीवर गेला. तिचा पाय मात्र रोपांतून निघाला नाही. भांडण झालं नाही, घटस्फोटही नाही. नुसतीच वर्षं गेली. अभिनंदनं उरकून ती बियाण्यांच्या थंड खोलीत गेली. पहिल्या कप्प्यात पहिल्या संकराच्या बियांचं खाकी पाकीट होतं, त्यावर नवऱ्याचं किरटं अक्षर. ते हातात धरून तिनं त्याचा पाठ असलेला नंबर लावला. “पुरस्कार मिळाला,” ती म्हणाली. त्यानं विचारलं, “शेंगा धरल्या का गं चवळीनं, पाण्यावाचून?” “चार देशांत धरल्या. लोक बी राखून ठेवतात आता.” “तुझंच खरं झालं.” तिला खूप काही बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, “समारंभाला एक पाहुणा आणता येतो.” “माझा कोट आता मला होत नाही गं.” “मग नवा शिवून घे. दोन महिने आहेत.” तो हसला. “शिंप्याला आजच गाठतो,” म्हणाला, आणि नंतर बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना.