मोडलेली कडी

धुळ्याचे नाना रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. सारा जीव कपाटातल्या ओतीव धातूच्या छोट्या आगगाडीत. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, पण एरवी कुणी बोट लावलं तरी ते घर डोक्यावर घ्यायचे.

पूजेसाठी गाडी पुसताना नव्या सुनेच्या, मंजुळाच्या हातून एका डब्याची कडी खडूसारखी मोडली. अराल्डाइटनं तिनं ती कशीबशी चिकटवली, पण पिवळट सांधा काही लपेना. बाहेर नाना पाटावर येऊन बसले. तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन सासूबाई आत आल्या आणि त्यांची नजर नेमकी सांध्यावर गेली.

दार लोटून, सांध्यावर बोट ठेवत त्या हळूच अहिराणीत म्हणाल्या, “आठे कुंकू दाट लाव व माय. बाकीना डबास्ना सांधा बी आजपावत मी असाच झाकेल शेतस.”